क्वेरी अडली, सर्व्हर उठेना: मदत मागण्याआधी काय करायचं

रत्नागिरी, देवगड, मालवण या पट्ट्यात डेटाबेस सांभाळणारा माणूस बहुतेक वेळा त्या कामासाठी नेमलेला नसतो. आंब्याच्या पॅकहाउसमध्ये ‘तुला काँप्युटर येतो ना’ म्हणून, काजू कारखान्यात बिलं करता करता, तारकर्लीच्या होमस्टेची बुकिंगं बघता बघता, नाहीतर पतसंस्थेतले जुने साहेब निवृत्त झाले म्हणून ते काम अंगावर येतं. शेजारच्या टेबलावर विचारायला कोणी नसतं. जाणकार असतो तो पुण्यात किंवा ठाण्यात, आणि त्याच्याशी गाठ व्हॉट्सॲपवर, तीही त्याला सवड असेल तेव्हा. अशा वेळी त्याच्याकडून उंटावरून शेळ्या हाकणारा सल्ला मिळतो. पण त्याला उंटावर बहुतेकदा आपणच बसवलेलं असतं, कारण त्याला दिसेल असं काही आपण पाठवतच नाही.

हा लेख त्यासाठीच आहे. समोरच्याला आपली स्क्रीन न बघता उत्तर देता आलं पाहिजे, असा प्रश्न तयार कसा करायचा, आणि तो तयार करता करता निम्म्या अडचणी आपल्या आपणच कशा सुटतात, ते यात आहे. उदाहरणं मुख्यतः मायएसक्यूएल आणि मारियाडीबी या डेटाबेस सॉफ्टवेअरची आहेत, कारण छोट्या व्यवसायांत तीच जास्त दिसतात. गरज पडेल तिथे पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हरचंही सांगेन. कीवर्ड इथे देवनागरीत आहेत, टाइप अर्थातच इंग्रजीत करायचे.

पहिलं काम: नक्की काय अडलंय ते ठरवा

‘डेटाबेस चालत नाही’ या तीन शब्दांत चार वेगवेगळे आजार लपलेले असतात. सर्व्हरपर्यंत पोचताच येत नाही, पोचता येतं पण क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) एरर देते, क्वेरी चालते पण उत्तर चुकीचं येतं, किंवा उत्तर बरोबर येतं पण चहा पिऊन येईपर्यंत येत नाही. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे आणि विचारायचा माणूसही कधीकधी वेगळा.

पहिले दोन आजार सर्वांत सोपे, कारण तिथे मशीन स्वतः बोलतं. फक्त आपण ते वाचत नाही. मायएसक्यूएलमध्ये एररचा नंबर येतो आणि तो नंबर बरंच काही सांगून जातो. २००२ किंवा २००३ म्हणजे सर्व्हरशी संपर्कच नाही: सर्व्हिस बंद आहे, पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर, चुकलाय (मायएसक्यूएलचा नेहमीचा ३३०६, पोस्टग्रेसचा ५४३२, एसक्यूएल सर्व्हरचा १४३३) किंवा मध्ये फायरवॉल आहे. १०४५ म्हणजे सर्व्हर जिवंत आहे, त्याने तुम्हाला दारातून परत पाठवलंय. अशा वेळी सर्व्हिस रीस्टार्ट करत बसण्यात अर्थ नाही. युजर, पासवर्ड आणि तो युजर कुठल्या मशीनवरून यायला परवानगी आहे ते बघा, कारण मायएसक्यूएलमध्ये एकाच नावाचा युजर लोकलहोस्टवरून (त्याच मशीनवरून) वेगळा आणि दुसऱ्या काँप्युटरवरून वेगळा धरला जातो. १०६४ म्हणजे वाक्यरचना चुकली. त्यात ‘निअर’च्या पुढे जो मजकूर येतो, चूक त्याच जागी किंवा त्याच्या जरा आधी असते. बऱ्याचदा एखादा स्वल्पविराम जास्त झालेला असतो.

११४६ हा नंबर ‘टेबलच नाही’ म्हणतो. यात इथल्या लोकांना हमखास चकवणारी एक गोष्ट आहे. विंडोज लॅपटॉपवर टेबलाच्या नावातलं मोठं-लहान अक्षर सारखंच धरलं जातं. तोच प्रोग्राम लिनक्स होस्टिंगवर चढवला की मोठं अक्षर आणि लहान अक्षर वेगळं होतं, आणि काल चालणारं टेबल आज ‘नाही’ म्हणून सांगतं. सगळी नावं पहिल्यापासून लहान अक्षरांत ठेवली की हा प्रश्न येतच नाही.

पोस्टग्रेस वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. ‘चालू ट्रान्झॅक्शन रद्द झालंय, पुढच्या कमांडकडे दुर्लक्ष केलं जाईल’ अशा अर्थाची एरर आली तर ती खरी एरर नसते. खरी तिच्या आधी कुठेतरी येऊन गेलेली असते. रोलबॅक करा, म्हणजे ते ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्का किंवा रद्द होणारा कमांडचा गट) मागे घ्या, वर सरका आणि पहिली एरर शोधा. मदत मागतानाही तीच पाठवायची.

दुसरं काम: मूठभर ओळींची नक्कल करा

चुकीचं उत्तर देणारी क्वेरी हा सर्वांत चिवट प्रकार, कारण मशीनच्या मते सगळं ठीक असतं. इथे एकच पद्धत मला खात्रीची वाटते. खऱ्या टेबलांची छोटी नक्कल बनवायची, तिच्यात हाताने बेरीज करता येईल इतक्याच ओळी घालायच्या, आणि बिघाड तिथेही दिसतो का ते बघायचं.

आंब्याच्या हिशोबाचं उदाहरण घेऊ. तीन टेबलं आहेत: बागायतदार, रवानगी (कुठल्या तारखेला किती पेट्या वाशीला गेल्या) आणि जमा (दलालाच्या पट्टीप्रमाणे, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठीप्रमाणे, किती रक्कम आली). मालकांना प्रत्येक बागायतदारासमोर एकूण पेट्या आणि एकूण जमा एकाच ओळीत हवी आहे. आपण बागायतदाराला रवानगी जोडतो, मग जमा जोडतो, बागायतदाराच्या आयडीवर ग्रुप बाय लावतो आणि दोन बेरजा घेतो. रिपोर्ट झकास दिसतो. आकडे मात्र फुगलेले असतात, आणि हजारो ओळींत ते चटकन लक्षातही येत नाही.

आता नक्कल करा. एकच बागायतदार. त्याच्या तीन रवानग्या: ४०, २५ आणि ३५ पेट्या, म्हणजे १००. दोन जमा: ५०,००० आणि ३०,०००, म्हणजे ८०,०००. क्वेरी चालवली की पेट्या येतात २०० आणि जमा येते २,४०,०००. बेरजा बाजूला काढून नुसत्या जोडलेल्या ओळी छापून बघा: सहा ओळी दिसतील. तीन रवानग्यांपैकी प्रत्येकीला दोन्ही जमा चिकटल्यात. म्हणून पेट्या दुप्पट झाल्या आणि पैसे तिप्पट. रवानगी आणि जमा यांचा एकमेकांशी थेट संबंधच नव्हता, दोघांचाही संबंध फक्त बागायतदाराशी होता. टेबलं जोडणाऱ्या जॉइनने मात्र त्यांची सगळ्या जोड्या लावून गाठ मारली.

उपाय: रवानगीची बेरीज आधी स्वतंत्र करून प्रत्येक बागायतदारामागे एकच ओळ आणायची, जमेचंही तसंच, आणि मग त्या दोन बेरजा बागायतदाराला जोडायच्या. काही जण बेरजेत डिस्टिंक्ट (सारखी किंमत एकदाच धरणारा कीवर्ड) घालून आकडा जुळवतात. तसं करू नका. ज्या दिवशी एकाच बागायतदाराला ३०,००० च्या दोन पट्ट्या येतील, त्या दिवशी त्यातली एक गायब होईल आणि तुम्हाला कळणारही नाही.

या सहा ओळींच्या नक्कलेचा दुहेरी फायदा आहे. एक तर बऱ्याचदा ती करतानाच चूक दिसते आणि विचारायची गरजच उरत नाही. आणि दिसली नाही, तर पाठवायला नेमकी वस्तू हातात असते. ती पाठवताना क्रिएट टेबल आणि इन्सर्टच्या कमांड मजकूर म्हणून पाठवा. स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो, त्यात ट्यूबलाइटचा पट्टा, असं पाठवलेलं कोणी टाइप करत बसत नाही.

तिसरं काम: मेसेज लिहा

असा मेसेज सगळ्यांनी एकदा तरी पाहिलेला असतो:

‘सर, क्वेरी बरोबर चालत नाही. जरा बघा ना. अर्जंट आहे.’

याला उत्तर म्हणून समोरून चार प्रश्नच येणार, तेही संध्याकाळी. त्याऐवजी:

‘दादा, मायएसक्यूएल ८.०, विंडोज ११. एका बागायतदाराच्या एकूण पेट्या आणि एकूण जमा एकाच ओळीत हवी. पेट्या १०० यायला हव्यात, २०० येतायत. जमा ८०,००० हवी, २,४०,००० येतेय. दोन्ही बेरजा वेगवेगळ्या क्वेरीत बरोबर येतात, एकत्र केल्या की बिघडतात. तीन टेबलं, सहा ओळी आणि माझी क्वेरी खाली देतोय, पेस्ट करून चालवता येईल. डिस्टिंक्ट लावून बघितलं, पण ते सगळ्या बागायतदारांना जुळत नाही.’

याचं उत्तर जाणकार माणूस बसमध्ये उभ्या उभ्या देऊ शकतो. यातला ‘काय यायला हवं होतं’ हा भाग नवखे लोक सर्वांत जास्त विसरतात. आपल्याला तो उघड वाटतो. वाशीच्या पट्टीशी कधी संबंध न आलेल्या माणसाला तो उघड नसतो.

आवृत्ती सांगणं ही औपचारिकता नव्हे. ‘विथ’ने सुरू होणाऱ्या क्वेरी आणि विंडो फंक्शनं मायएसक्यूएलमध्ये ८.० पासून आहेत, ५.७ मध्ये नाहीत. समोरच्याने तुम्हाला सुंदर उत्तर दिलं आणि तुमच्या जुन्या होस्टिंगवर त्याने १०६४ दिली, तर दोघांचाही वेळ गेला. मायएसक्यूएल, मारियाडीबी आणि पोस्टग्रेस तिन्हींत सिलेक्ट व्हर्जन, पुढे रिकामा कंस, एवढ्याने आवृत्ती कळते. झॅम्प (वेब सर्व्हर आणि डेटाबेस एकत्र देणारं पॅकेज) वापरत असाल तर ‘मायएसक्यूएल’ असं लिहू नका. त्याच्या कंट्रोल पॅनेलवर नाव मायएसक्यूएल दिसलं तरी आत मारियाडीबी असते, आणि दोघांच्या वाटा आता बऱ्याच वेगळ्या झाल्यात.

खरा डेटा पाठवायचा नाही, हे वेगळं सांगायला नको, पण सांगावं लागतं. पतसंस्थेच्या खातेदारांचे आधार नंबर, होमस्टेत उतरलेल्यांचे मोबाइल नंबर असलेली पूर्ण फाइल ‘बघा जरा’ म्हणून पाठवणारे आहेत. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण तो नसता तरी ही माहिती आपली नाही, आपल्याकडे ठेवायला दिलेली आहे. नक्कलेत ‘बागायतदार १’, ‘खातेदार २’ एवढी नावं पुरतात. एनीडेस्कवरून, म्हणजे लांबून स्क्रीन चालवू देणाऱ्या ॲपवरून, मशीन कोणाच्या हाती द्यावं लागलंच, तर तो माणूस ओळखीचा हवा, आपण समोर बसलेलं हवं, आणि काम झालं की पासवर्ड बदलायचा.

विचारायचं कोणाला? सॉफ्टवेअर विकत घेतलेलं असेल तर आधी विक्रेत्याला, कारण त्याच्या टेबलांत परस्पर बदल केला तर सपोर्ट नाकारायला त्याला निमित्त मिळतं. स्वतः बांधलेलं असेल तर त्या डेटाबेसचं अधिकृत मॅन्युअल. पोस्टग्रेसचं तर इतकं नीट लिहिलेलं आहे की इंग्रजी जेमतेम असलं तरी उदाहरणांवरून काम भागतं. एआयला विचारलंत तरी चालेल, क्वेरीची वाक्यरचना ते झटपट सुधारून देतात. पण वरची सहा ओळींची नक्कल तिथेही लागतेच, कारण एआय जे देतो ते आत्मविश्वासाने देतो, आणि उत्तर १०० आलं की २०० हे तुम्हीच ताडून बघायचंय. काहीही पुसणारी किंवा बदलणारी कमांड कुठूनही मिळाली, तरी ती आधी नक्कलेवर.

नेहमी भेटणारे चकवे

जॉइनचा वर सांगितला. त्याच घरातला दुसरा: ‘या आठवड्यात एकही पेटी न पाठवलेले बागायतदार दाखव’. त्यासाठी लेफ्ट जॉइन (जोडीची ओळ नसली तरी डावीकडची ओळ ठेवणारा) वापरतात, ते बरोबर. पण आठवड्याची तारखेची अट व्हेअरमध्ये टाकली की ज्यांची रवानगी नाही त्यांची तारीख रिकामी असते, रिकामी तारीख अटीत बसत नाही, आणि नेमके आपल्याला हवे असलेलेच लोक गळून जातात. ती अट जॉइनच्या ‘ऑन’मध्ये न्या आणि व्हेअरमध्ये फक्त ‘रवानगीचा आयडी इज नल’ ठेवा.

नल म्हणजे शून्यही नाही आणि रिकामी जागाही नाही. ‘माहीत नाही’ असा त्याचा अर्थ. माहीत नसलेली गोष्ट दुसऱ्या कशाशी समान आहे असं म्हणता येत नाही, म्हणून ‘= नल’ ही अट कधीच खरी ठरत नाही, ‘इज नल’ लिहावं लागतं. आणि ‘नॉट इन’च्या आतल्या यादीत एक जरी नल शिरला तरी पूर्ण क्वेरी शून्य ओळी देते, एररही येत नाही. त्या जागी ‘नॉट एक्झिस्ट्स’ची सवय लावून घ्या.

तारखांचं: कॉलममध्ये तारखेबरोबर वेळही असेल तर ‘१ एप्रिल ते ३० एप्रिल’ असं बिट्वीन लावल्यावर ३० तारखेच्या मध्यरात्रीनंतरचं सगळं सुटतं. ऐन हंगामात महिन्याचा शेवटचा अख्खा दिवस रिपोर्टमधून गेला तर बोंब होणारच. ‘१ एप्रिलपासून पुढे आणि १ मेच्या आधी’ असं लिहा.

आणि ओळींचा क्रम. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल मांडलं तेव्हापासून टेबलातल्या ओळींना स्वतःचा असा क्रम नाही. ऑर्डर बाय नसेल तर काल वर असलेली ओळ आज खाली आली म्हणून तक्रार करता येत नाही.

मराठी अक्षरांचे प्रश्न

यावर जरा थांबतो, कारण परदेशी लोकांनी लिहिलेल्या मार्गदर्शकांत हे नीट सापडत नाही.

नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर वाईट बातमी आहे. बहुतेक वेळा ती अक्षरं साठवतानाच गेली, आता डेटाबेसमध्ये खरोखरच प्रश्नचिन्हं आहेत, आणि ती परत आणायला कागद किंवा जुना बॅकअप लागेल. एसक्यूएल सर्व्हरमध्ये हे फार होतं: कॉलम व्हारचार असतो, युनिकोड साठवणारा एनव्हारचार नसतो, किंवा कॉलम बरोबर असतो पण मजकुराच्या आधी इंग्रजी मोठा एन लावलेला नसतो. दोन्ही लागतात.

याउलट, नावाच्या जागी इंग्रजी ‘ए’वर तिरपी रेघ आणि त्यापुढे नाण्याच्या खुणेसारखी विचित्र चिन्हं पुन्हा पुन्हा येत असतील, तर घाबरू नका. बाइट बहुधा शाबूत आहेत, फक्त चुकीच्या लिपीसंचाने वाचले जातायत. मायएसक्यूएलमध्ये डेटाबेस, टेबल, कॉलम आणि कनेक्शन या चारही ठिकाणी यूटीएफ-८-एमबी-४ हा लिपीसंच आहे का ते तपासा. चौथं, म्हणजे कनेक्शन, लोक विसरतात. यात काही दुरुस्ती करण्याआधी बॅकअप घ्यायचाच, कारण दोनदा उलटसुलट रूपांतर झालं की मग खरोखरच गुंता होतो. १३६६ नंबरची एरर याच कुटुंबातली: कॉलमला ती अक्षरं साठवताच येत नाहीत असं ती आधीच सांगतेय. ही एरर आली तर नशीब समजा, प्रश्नचिन्हं तरी साठली नाहीत.

कॉलमची लांबी ठरवताना लक्षात ठेवा की ‘श्री’ आपल्याला एक अक्षर वाटतं, पण युनिकोडमध्ये ते चार: श, हलन्त, र आणि दीर्घ ईकार. यूटीएफ-८ मध्ये त्यांचे बारा बाइट होतात. तीस अक्षरांचा कॉलम इंग्रजी नावाला ऐसपैस पडतो, मराठीत पूर्ण नाव आणि गावासकट तो संपतो. सढळ हाताने द्या.

सर्वांत छळणारा प्रकार म्हणजे दिसायला तंतोतंत सारखी दोन नावं, पण शोधल्यावर एकच सापडतं. ‘ॲड.’ मधला ॲ एका कीबोर्डवर एकच अक्षर म्हणून पडतो, दुसऱ्यावर अ आणि त्यावर चंद्र असा दोन तुकड्यांत. ‘सुऱ्या’, ‘तऱ्हा’ मधला अर्धा र कोणी ऱ ने लिहितं, कोणी साध्या र ला न दिसणारा जोडणारा कॅरेक्टर लावून. डोळ्यांना फरक दिसत नाही, डेटाबेसला दिसतो. शंका आली की मायएसक्यूएलमध्ये हेक्स फंक्शनने दोन्ही नावांचे बाइट छापून शेजारी ठेवा. उपाय शक्यतो नोंद करतानाच करावा: नाव साठवण्याआधी प्रोग्राममध्ये एकाच रूपात आणायचं. आणि जोडणी कधीही नावावर करायची नाही, आयडीवरच करायची. सावंत आणि परब आडनावाचे किती जण एका गावात असतात ते इथल्या माणसाला मी काय सांगणार.

जुन्या कारभाराच्या फायली श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये असतील तर ते युनिकोड नाहीच. आत इंग्रजी कीबोर्डची अक्षरं आहेत आणि फाँटमुळे ती मराठी दिसतात. आधी कन्व्हर्टरने बदला, शंभरेक नावं डोळ्यांखालून घाला, जोडाक्षरं खास बघा, मगच टेबलात भरा.

हळू चालतंय किंवा अडकलंय

क्वेरीच्या आधी एक्सप्लेन लावा आणि जे येईल ते प्रश्नाबरोबर पाठवा. मायएसक्यूएलमध्ये टाइपच्या खाली ‘ऑल’ दिसलं, किंवा पोस्टग्रेसमध्ये ‘सीक स्कॅन’, म्हणजे टेबल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं जातंय. छोट्या टेबलाला त्यात काही वावगं नाही. मोठ्याला इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी, ओळ पटकन शोधून देणारी यादी) लागतो. आणि इंडेक्स असूनही वापरला जात नसेल तर व्हेअरमध्ये कॉलमवर फंक्शन लावलंय का बघा: ‘तारखेचं वर्ष = २०२५’ असं लिहिलं की तारखेचा साधा इंडेक्स बाजूला पडतो, ‘१ जानेवारी २०२५ पासून १ जानेवारी २०२६ च्या आधी’ असं लिहिलं की तो कामाला येतो. लाइकमध्ये सुरुवातीलाच टक्का टाकला तरी तेच होतं. पोस्टग्रेसमध्ये ‘एक्सप्लेन ॲनालाइझ’ जपून. ते क्वेरी खरोखर चालवतं, डिलीट असेल तर डिलीटसुद्धा.

क्वेरी हळू नसून थांबलेलीच असेल, आणि मायएसक्यूएल ५० सेकंदांनी १२०५ एरर देत असेल, तर दुसऱ्या कोणीतरी त्या ओळी धरून ठेवल्यात. शो फुल प्रोसेसलिस्टमध्ये, पोस्टग्रेसला पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटीमध्ये बघा. बहुतेकदा शेजारच्या काँप्युटरवर कोणीतरी ट्रान्झॅक्शन सुरू करून जेवायला गेलेलं असतं.

बदल करणारी कमांड

अपडेट किंवा डिलीट लिहिण्याआधी त्याच व्हेअरने सिलेक्ट चालवा आणि ओळी मोजा. मग ट्रान्झॅक्शन सुरू करा, कमांड द्या, ‘किती ओळी बदलल्या’ तो आकडा जुळला तर कमिट (बदल पक्का), नाही तर रोलबॅक. मायएसक्यूएलमध्ये ऑटोकमिट मुळातच चालू असतं, म्हणून ट्रान्झॅक्शन स्वतःहून सुरू केलं नाही तर मागे फिरता येत नाही. आणि आल्टर, ड्रॉप, ट्रंकेट या कमांड तिथे आपोआप कमिट होतात, रोलबॅकचा उपयोग नाही. वर्कबेंच हा मायएसक्यूएलचा प्रोग्राम जुन्या मास्तरासारखा ११७५ नंबरची एरर देऊन व्हेअर नसलेलं अपडेट अडवतो. ती सोय वैतागून बंद करू नका.

सर्व्हर उठत नाही

पावसात लाइट जाते, यूपीएसची बॅटरी दगा देते, आणि सकाळी सर्व्हिस सुरू होत नाही. अशा वेळी पहिली कृती एकच: सर्व्हिस बंद आहे याची खात्री करून पूर्ण डेटा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर जसाच्या तसा कॉपी करणं. त्यानंतर एरर लॉग उघडा. इनोडीबी (मायएसक्यूएलचं नेहमीचं स्टोरेज इंजिन) आणि पोस्टग्रेस दोघांनाही अचानक बंद पडल्यावर स्वतःला सावरण्याची यंत्रणा असते, ती बदलांची नोंद ठेवणाऱ्या लॉग फायलींवरच चालते (एरर लॉग वेगळा). म्हणून ‘या लॉग फायली पुसून टाका, चालू होईल’ असा सल्ला कुठे वाचलात तर हात आखडता घ्या. पोस्टग्रेसमध्ये डब्ल्यूएएल, म्हणजे त्याच्या अशाच लॉग फायली, रीसेट करणारी कमांडही त्याच जातीची, शेवटचा उपाय म्हणूनच आहे.

झॅम्पमध्ये ‘अनपेक्षितपणे बंद झालं’ असा लाल मजकूर आला की एक प्रसिद्ध उपाय सांगितला जातो: डेटा फोल्डरचं नाव बदला आणि बॅकअप नावाचा फोल्डर त्याच्या जागी आणा. तो बॅकअप तुमच्या डेटाचा नसतो, कोऱ्या इन्स्टॉलेशनचा असतो. आपले फोल्डर परत आणताना आयबीडेटा-१ ही फाइलही आणली नाही तर टेबलांची नावं दिसतात पण उघडायला गेलं की १९३२ एरर येते. आणि आधी पोर्ट तपासा. कित्येकदा ३३०६ दुसऱ्याच प्रोग्रामने घेतलेला असतो, डेटाला काही झालेलंच नसतं.

डिस्क भरली म्हणून बंद पडलं असेल तर डेटा फोल्डरमधल्या मोठ्या दिसणाऱ्या फायली हाताने उडवू नका. मायएसक्यूएलचे बायनरी लॉग पर्ज कमांडने काढायचे. एसक्यूएल सर्व्हरची लॉग फाइल अवाढव्य झाली असेल तर बहुधा रिकव्हरी मॉडेल ‘फुल’ आहे आणि लॉगचा बॅकअप कधी घेतलाच गेला नाही. तसंच, डिस्कवर भरपूर जागा असूनही एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस नवीन नोंद घेत नसेल तर २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे, ती गाठली असेल.

पावसाआधीचा बॅकअप

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात कित्येक दिवस वीज नव्हती. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरचे काँप्युटर आणि त्यांच्या शेजारच्या खणात ठेवलेली बॅकअपची हार्ड डिस्क एकाच पाण्यात गेली. म्हणून एक प्रत त्या इमारतीच्या बाहेर हवी. क्लाउडवर ठेवा, किंवा मुंबईच्या भावाकडे एक डिस्क ठेवा. फक्त ती पासवर्ड लावून बंद केलेली असू दे.

इनोडीबी टेबलांसाठी मायएसक्यूएल-डंप या बॅकअप काढणाऱ्या कमांडला ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’ हा पर्याय लावला की काम चालू असतानाही सुसंगत बॅकअप मिळतो, टेबलं अडत नाहीत. ‘रूटीन्स’ हा पर्याय वेगळा द्यावा लागतो, नाहीतर स्टोअर्ड प्रोसिजर मागे राहतात. पोस्टग्रेसच्या पीजी-डंपमध्ये युजर आणि त्यांचे पासवर्ड येत नाहीत, ते पीजी-डंप-ऑलच्या ‘ग्लोबल्स ओन्ली’ने वेगळे घ्यायचे. विंडोजवर आणखी एक मेख आहे: विंडोजबरोबर येणाऱ्या पॉवरशेलमध्ये बाणाच्या खुणेने डंप फाइलमध्ये वळवला तर ती फाइल यूटीएफ-१६ मध्ये लिहिली जाते आणि परत भरताना अडते. त्याऐवजी ‘रिझल्ट फाइल’ हा पर्याय वापरा.

बॅकअप घेतला की तो चाचणी नावाच्या कोऱ्या डेटाबेसमध्ये भरून बघा. तिथे खऱ्या टेबलांशी ओळींची संख्या जुळवा, जमेची एकूण बेरीज जुळवा, आणि चार मराठी नावं उघडून वाचा, कारण फाइल भरली गेली तरी अक्षरं प्रश्नचिन्हं झालेली असू शकतात. किती वेळ लागला तो लिहून ठेवा. मालक ‘कधी चालू होईल?’ विचारतील तेव्हा तोच आकडा सांगायचाय. आंब्याचा हंगाम आवरला की मेच्या अखेरीस हे एकदा करा, आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला.